लाखोळी, ताग आणि सर अल्बर्ट हॉवर्ड

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत धान कापणीला येण्याआधी, बांधीत अजून ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळी फेकून पेरतात. नांगर नाही, वखर नाही, खत नाही. धान कापले की धसकटांमधून लाखोळीचे वेल वर येतात, उरलेल्या ओलीवर वाढतात आणि हिवाळाभर जमीन झाकून ठेवतात. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. शेवटी घरात डाळ येते ती वेगळीच. छत्तीसगडात या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगर न चालवता, रसायने न वापरता शेती करायची आणि त्यासाठी जमीन झाकणाऱ्या द्विदल पिकांच्या नव्या जाती तयार करायच्या, असा प्रयत्न आज अमेरिकेत मोठ्या हौसेने चालू आहे. आपल्याकडच्या धान उत्पादकाला यातले निम्मे तरी आधीपासून ठाऊक होते.

अडचण एवढीच, की लाखोळीची डाळ दोन-तीन महिने रोजचे मुख्य अन्न झाली तर धडधाकट माणसाचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. पाय ताठरतात, चालताना कात्रीसारखे एकमेकांवर येतात, मग काठी लागते, मग दोन काठ्या, आणि शेवटी माणूस बसून सरकू लागतो. बुद्धी शाबूत, हात बहुधा शाबूत, संवेदना शाबूत. आमच्या पिढीला वैद्यकीय परीक्षेत हा हमखास प्रश्न असे. आता रुग्ण फारसे दिसत नाहीत, पण ज्याचे पाय गेले त्याला बरे करणारे औषध अजूनही नाही.

या आजाराच्या कारणाचा माग काढणाऱ्यांत एक नाव असे आहे, जे डॉक्टरांच्या पुस्तकांत सहसा भेटत नाही. ते आहे अल्बर्ट हॉवर्ड. सेंद्रिय शेतीवाले त्यांना आपल्या चळवळीचे जनक मानतात. कंपोस्टच्या इंदूर पद्धतीमुळे त्यांचे नाव जगभर झाले. पण ते मुळात वनस्पतींची पैदास करणारे शास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या कामाचा तो भाग आज जवळजवळ विसरला गेला आहे.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात, बिशप्स कॅसल या गावी, शेतकऱ्याच्या घरात झाला. लंडन आणि केंब्रिजला शिक्षण घेऊन १८९९ मध्ये ते वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोसला बुरशीरोगांचे तज्ज्ञ म्हणून गेले. काम उसाच्या आणि कोकोच्या रोगांचे, पण स्वतःची म्हणावी अशी जमीन हाताखाली नाही. सूक्ष्मदर्शकात बुरशी पाहायची आणि शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, तो सल्ला स्वतः कधी वापरून पाहायचा नाही. रुग्णाला न तपासता केवळ स्लाइड पाहून औषध लिहून देण्यासारखाच हा प्रकार. हॉवर्डना तो मानवला नाही. परत आल्यावर इंग्लंडमधल्या वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी हॉप्सवर काम केले. बिअरला कडवटपणा देणाऱ्या या वेलीची नर झाडे बागायतदार उपटून टाकत. नर झाडे राखून परागण होऊ दिले तर फायदाच होतो, हे हॉवर्डनी दाखवून दिले.

१९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा येथे आले. लॉर्ड कर्झनच्या काळात, हेन्री फिप्स या अमेरिकन उद्योगपतीच्या देणगीतून तिथे शेती संशोधन संस्था उभी राहत होती. (पुढे १९३४ च्या भूकंपात तिची इमारत पडली आणि संस्था दिल्लीला गेली. जाताना गावाचे नाव बरोबर घेऊन गेली, म्हणून आज दिल्लीत पुसा आहे.) हॉवर्डना सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. त्याच वर्षी मुंबईत त्यांचे गॅब्रिएल मथाई यांच्याशी लग्न झाले.

गॅब्रिएलबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात शिकलेल्या या बाईंनी वनस्पतीच्या प्रकाशसंश्लेषणावर तापमानाचा काय परिणाम होतो, याचे मोजमाप भारतात येण्यापूर्वीच केले होते. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात ते काम महत्त्वाचे मानले जाते. पुशात त्या आल्या तेव्हा त्या केवळ साहेबांच्या पत्नी होत्या. सरकारी पद त्यांना १९१३ मध्ये मिळाले. पुढच्या संशोधनातला हॉवर्डचा वाटा किती आणि गॅब्रिएलचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. बहुतेक निबंधांवर दोघांची नावे आहेत.

त्यांचे पहिले मोठे यश गव्हाचे. त्या काळी आपल्या शेतांतला गहू म्हणजे अनेक प्रकारांची सरमिसळ असे. त्यातून एकेक झाड निवडून शुद्ध वाण काढायचे, तांबेऱ्याला कोण टिकतो हे बघायचे, पीठ कसे निघते हे पाहायला दाणे इंग्लंडमधल्या गिरण्यांत पाठवायचे, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. पुसा ४ आणि पुसा १२ हे वाण त्यातूनच आले आणि उत्तर भारतात पसरले.

पण मला त्यांचे अधिक आकर्षक काम वाटते ते मुळांचे. हॉवर्ड दांपत्य पिके उपटत नसे. बाजूने माती काढत, पाण्याने धूत, मूळ शेवटच्या तंतूपर्यंत उघडे करत असे. जवसाचे उदाहरण बघा. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीतल्या जवसाचे मूळ खोल जाते, फांद्या कमी. गंगेच्या गाळवट जमिनीतल्या जवसाचे मूळ उथळ आणि दाट. काळ्या जमिनीला भेगा पडतात, वरची ओल लवकर उडते, म्हणून तिथले झाड खाली जाते. गाळाच्या जमिनीत खाली हवा कमी, म्हणून झाड वरच पसरते. एकीकडचे बियाणे दुसरीकडे पेरले तर ते धड वाढत नाही. वाण निवडताना सगळे दाणे मोजतात, मूळ कोणी बघत नाही, हा हॉवर्ड यांचा आक्षेप होता आणि आजही तो बराचसा लागू आहे.

द्विदल पिकांत हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण नत्र धरणाऱ्या गाठी मुळांवरच असतात आणि त्यांना श्वास घ्यायला हवा लागते. जावा नीळ हे असेच द्विदल पीक. जर्मन कृत्रिम निळीने मळेवाल्यांचा धंदा आधीच मोडीत काढला होता, त्यात ही नवी नीळ बिहारमध्ये पावसाळ्यात सुकून मरू लागली. किडा शोधा, बुरशी शोधा, अशी धावपळ झाली. हॉवर्डनी मुळे उघडली. पावसाने जमीन चिंब होऊन हवेचे मार्ग बंद झाले की बारीक मुळे आणि गाठी गुदमरून मरत होत्या, आणि वरचे झाड उपाशी राहत होते. जंतू न सापडणारे आजारही असतात, हे आम्हा डॉक्टरांनाही मान्य करायला वेळ लागतो.

त्याच वेळी आजूबाजूचा शेतकरी काय करतो, याकडेही त्यांचे लक्ष होते. ज्वारी-बाजरीत तूर, गव्हात हरभरा, जवात वाटाणा. साहेबी शेतीत असली मिसळ अडाणीपणाची मानली जाई. हॉवर्डनी तुरीचे मूळ कडक थर फोडत खोल उतरलेले पाहिले आणि शेतकऱ्याला नावे ठेवणे सोडून दिले. जिथे लोखंडी फाळ पोहोचत नाही तिथे तूर पोहोचते, आणि ती मेल्यावर तिच्या मुळाच्या वाटेने हवा आणि पाणी खाली जाते. विनानांगरणीच्या शेतीचे निम्मे शास्त्र यात आले. हॉवर्ड स्वतः मात्र नांगराच्या विरोधात नव्हते. उन्हाळ्यात जमीन तापू द्यावी, तिला हवा द्यावी, असेच ते सांगत. त्यांना विनानांगरणीचा पुरस्कर्ता ठरवणे हा अलीकडचा उत्साह आहे.

हिरवळीच्या खताने मात्र त्यांना चांगलाच इंगा दाखवला. १८८० च्या दशकात जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी द्विदल पिकांच्या गाठींचे गुपित उलगडल्यावर सगळ्यांना वाटले, प्रश्न सुटला. ताग पेरा, गाडा, नत्र घ्या. पुशात तंबाखूच्या आधी ताग गाडून बघितला तर एका वर्षी पीक जोमात आणि दुसऱ्या वर्षी निराशा. कारण हळूहळू कळत गेले. ताग कोवळा असताना गाडला तर लवकर कुजतो आणि नत्र सोडतो. जून झाला, धागा धरला की त्याला कुजवणारे जिवाणू उलट जमिनीतलाच नत्र खाऊन टाकतात, आणि नवे पीक पिवळे पडते. त्यात पाऊस फार झाला तर हवा नाही, कमी झाला तर ओल नाही. म्हणजे ताग किती वाढला याइतकेच तो केव्हा संपला हेही महत्त्वाचे. क्वेट्ट्याला, कोरड्या हवेत आणि पाटपाण्यावर, शफ्तल नावाच्या क्लोव्हरने त्यांना जास्त खात्रीचे फळ दिले, कारण तिथे पाणी माणसाच्या हातात होते.

आजच्या पैदासकारांचा झगडा नेमका याच वेळेशी आहे. अमेरिकेतल्या विनानांगरणी सेंद्रिय शेतीत हिवाळ्यात हेअरी व्हेच नावाची वेल वाढवतात आणि वसंतात तिच्यावरून जड रूळ फिरवतात. रुळावरच्या बोथट पात्यांनी खोडे चेपली जातात, वेल आडवी पडून वाळते, तिचे आच्छादन होते आणि त्यातच मका किंवा सोयाबीन पेरतात. पण वेल फुलावर आल्याशिवाय रुळाने मरत नाही. फुलेपर्यंत थांबावे तर मक्याची पेरणी लांबते. म्हणून लवकर फुलणाऱ्या जाती हव्यात, आणि लवकर फुलताना थंडीत टिकण्याची ताकद जायला नको. शिवाय व्हेचचे काही दाणे इतक्या कठीण कवचाचे असतात, की ते पुढच्या वर्षी नको तेव्हा गव्हात उगवून तण होतात. तेही पैदाशीतून घालवायचे. आपल्या तागाचीही तिकडे अशीच गंमत. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलत नाही आणि तिकडे तोवर थंडी येते, मग बी धरणार केव्हा? अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाने त्यासाठी वेगळ्या जाती तयार केल्या.

तागाच्या वंशाबद्दल डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. त्याच्या काही रानटी भाऊबंदांच्या बियांत यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पाडणारे विष असते. १९७० च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात गोंदली या भरडधान्यात असे बी मिसळले गेले आणि माणसे पोट फुगून दगावली. जमिनीसाठी चांगले पीक पोटासाठी चांगले असेलच असे नाही. झाड आपल्या नत्राचा काही भाग किडींना दूर ठेवणाऱ्या विषांत गुंतवते, आणि द्विदल पिकांकडे तर नत्राची चणचण नसते.

इथे आपण पुन्हा लाखोळीकडे येतो. रीवा-सतना भागात जमीनदार मजुरांना मजुरी म्हणून लाखोळी मिसळलेले धान्य देत. दुष्काळात बाकी सगळे वाळून जाई, लाखोळी तेवढी टिकून राही. मग तीच खायची आणि पांगळे व्हायचे. अँडरसन हे डॉक्टर, सायमनसेन हे रसायनतज्ज्ञ आणि हॉवर्ड यांनी मिळून या आजारावर अभ्यास केला. तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी शुद्ध लाखोळी वेगळी काढली, तिच्यात मिसळलेले अकटा नावाचे तण वेगळे काढले आणि प्राण्यांना खाऊ घालून पाहिले. शुद्ध लाखोळीने काही झाले नाही, अकट्याने झाले. निष्कर्ष निघाला, की दोष तणाचा आहे, डाळीचा नाही. अकटा म्हणजे व्हेचचीच एक बहीण.

पद्धत उत्तम होती. वनस्पतीशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि रसायनतज्ज्ञ एका टेबलाशी बसले होते, जे आजही क्वचित घडते. निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी लाखोळीच्या दाण्यातूनच एक अमिनो आम्ल वेगळे काढले. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. ते चेतापेशींना अति उत्तेजित करून मारते आणि पायांकडे जाणाऱ्या लांब चेतांना त्याचा सर्वांत जास्त फटका बसतो. प्राण्यांत हा आजार सहज उमटत नाही, म्हणून १९२५ चा प्रयोग फसला असावा असे मला वाटते. चुकीच्या उत्तराची किंमत इथे लहान नव्हती. डाळ निर्दोष ठरली, तर ती मजुरी म्हणून देणाराही निर्दोष ठरतो.

तरी हॉवर्डच्या घरातूनच पुढचे दारही उघडले गेले. गॅब्रिएल आणि त्यांचे सहकारी अब्दुर रहमान खान यांनी भारतभरातल्या लाखोळीचे प्रकार गोळा करून फुलांचा रंग, दाण्यांवरची नक्षी, पानांची ठेवण यांवरून त्यांचे वर्गीकरण केले आणि १९२८ मध्ये ते छापले. एका नावाच्या डाळीत किती विविधता आहे हे त्यातून दिसले, आणि विविधता असेल तरच निवड करता येते. पुढे कमी विषाचे पुसा २४, मग ऊतिसंवर्धनातून रतन, त्यानंतर प्रतीक, महातेओरा असे वाण आले. काम संपलेले नाही. ओडॅपचे प्रमाण जमीन आणि दुष्काळाप्रमाणे बदलते, आणि मधमाश्या शेजारच्या गावठी लाखोळीचे पराग आणून सुधारित वाण बिघडवतात. डाळ भिजवून, उकळून पाणी टाकून दिले तर विष बरेच कमी होते, पण ज्याच्या घरी पाणी आणि सरपण दोन्ही अपुरे, तो ते कितपत करणार? अधूनमधून, इतर धान्याबरोबर थोडी खाल्ली तर ती बाधत नाही. ती एकटीच ताटात उरते तेव्हा घात होतो.

पुशात हॉवर्डना एक गोष्ट सतत खुपत होती. बुरशीवाले वेगळे, किडीवाले वेगळे, रसायनवाले वेगळे, बियाणेवाले वेगळे. झाड एकच आणि खाती पाच. सरकारी रुग्णालयात एका म्हाताऱ्याला चार ओपीडींत फिरताना पाहिले की ही तक्रार लगेच समजते. नवे वाण देऊनही शेतकऱ्याचे उत्पन्न एका मर्यादेपलीकडे जाईना, कारण जमीनच रिकामी होती. सबंध पीक एकाच ठिकाणी अभ्यासता यावे म्हणून १९२४ मध्ये ते इंदूरला गेले. होळकर दरबाराने जमीन दिली, कापूस समितीने आणि संस्थानांनी पैसे दिले, आणि तिथे वनस्पती संशोधन संस्था सुरू झाली.

इंदूरच्या काळ्या जमिनीत ताग गाडण्याचा जुगार खेळण्यापेक्षा तो शेताबाहेर कुजवून आणावा, असा त्यांचा विचार झाला. चीनमधल्या शेतीवरचे किंग यांचे पुस्तक त्यांनी वाचले होते. ताग कापून सुकवायचा. पऱ्हाट्या गाडीवाटेवर पसरायच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप भुगा होतो. शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, चुलीची राख, पाणी हे सगळे थराथराने उथळ खड्ड्यात रचायचे आणि ठरावीक दिवसांनी उलथायचे. तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत तयार. यावरचे पुस्तक १९३१ मध्ये आले. त्यावर हॉवर्डच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे. इंदूर पद्धत म्हणून जी जगभर गेली, तिच्यातला हा वाटा आपल्याकडेही फारसा कोणी सांगत नाही. संस्थेतल्या मजुरांचे कामाचे तास कमी करणे, मजुरी थेट हातात देणे, औषधपाणी बघणे हेही हॉवर्ड दांपत्याने केले आणि त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. एप्रिल १९३५ मध्ये गांधीजींनी इंदूरला जाऊन हे खड्डे पाहिले. तोवर हॉवर्ड निघून गेले होते.

कारण १९३० मध्ये गॅब्रिएल जिनिव्हात वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्डनी भारत सोडला. त्यानंतर गॅब्रिएलच्या धाकट्या बहिणीशी, लुईझशी, त्यांनी लग्न केले. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

उरलेली वर्षे प्रचाराची. १९४० च्या त्यांच्या पुस्तकाने सेंद्रिय चळवळीला पाया दिला. रासायनिक खतांविरुद्ध ते दिवसेंदिवस कडवे होत गेले. १९३९ मध्ये चेशरमधल्या डॉक्टरांनी आहार आणि आरोग्यावर सभा घेतली तेव्हा हॉवर्ड तिथे बोलायला होते. ह्युमसवर पोसलेले पीक निरोगी, ते खाणारे जनावर निरोगी, म्हणून माणूसही निरोगी, अशी त्यांची साखळी. पुशातले आपले बैल लाळ्या-खुरकुताच्या जनावरांच्या नाकाला नाक लावूनही आजारी पडले नाहीत, हे ते पुरावा म्हणून सांगत. एका डॉक्टरला हे पटणे अवघड आहे. तुलनेला दुसरा गट नव्हता. त्या बैलांना आधी तो आजार होऊन गेला होता का, हे कोणी तपासले नव्हते. मुळांच्या बाबतीत एकेक तंतू धुऊन पाहणारा माणूस माणसांच्या आजारांबाबत मात्र घाईने बोलू लागला, असे मला वाटते. जमिनीबद्दल त्यांचे बरेचसे म्हणणे काळाने खरे ठरवले, आरोग्याबद्दलचे तितके नाही.

ऑक्टोबर १९४७ मध्ये हॉवर्ड वारले. १९५३ मध्ये लुईझने त्यांच्या भारतातल्या कामावर पुस्तक लिहिले आणि त्यात आपल्या बहिणीचा वाटा नीट नोंदवून ठेवला.